चार टनांच्या आत

जेवणाच्या टेबलावर देशाचा नकाशा पसरला होता आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर मीठदाणी, पाण्याचा जग, चष्म्याचं घर आणि मास्तरांचं कोपर ठेवलेलं होतं. गेले कित्येक दिवस या घरातली जेवणं ताट मांडीवर घेऊनच चालली होती, कारण टेबल रिकामं करायचं तर आधी रस्ता ठरायला हवा होता.

"खालून जाऊ," मास्तर म्हणाले.

"वरून," बाई म्हणाल्या.

"खालचा रस्ता कसा सरळ आहे बघ तरी. पट्टी ठेवून आखल्यासारखा."

"पट्टीच बघायची तर घरात बसू की. कपाटात आहे."

मास्तर आणि बाई राहत होते देशाच्या एका टोकाला आणि त्यांची लेक दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठी. तिच्याकडे जायला दोन महामार्ग होते. खालचा महामार्ग डोंगराला लांबलचक वळसा घालून सपाट मैदानातून नाकासमोर जायचा. त्यावर पेट्रोल पंप, खानावळी आणि कंटाळा यांची उत्तम सोय होती. वरचा महामार्ग डोंगर चढून एका खिंडीतून पलीकडे उतरायचा. त्या खिंडीच्या माथ्यावरून खाली एक तळं दिसायचं, हिमनदीने कोरलेलं, निळंशार. सगळं भांडण त्या तळ्यावरून होतं.

बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. सहावीच्या वर्गात दरवर्षी हे तळं यायचं. पांढऱ्या खडूने डोंगर काढून झाले, की बाई निळा खडू आडवा धरून तळं भरून काढायच्या, आणि दरवर्षी पुढच्या बाकावरून कोणीतरी विचारायचं, "बाई, तुम्ही पाहिलंय?" बाई सांगायच्या, "पुढच्या सुट्टीत बघणार आहे." असं सांगता सांगता नोकरी संपली. शेवटच्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "आता तुम्हाला सुट्टीच सुट्टी ना, बाई?" ते बाईंच्या मनाला फार लागलं. घरी येऊन त्यांनी पर्स ठेवायच्या आधी जाहीर केलं, की आता ते तळं बघितल्याशिवाय मी काही स्वस्थ बसणार नाही.

मास्तर म्हणजे काही शाळामास्तर नव्हेत. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली गाडी शिकली होती, आणि उरलेल्या निम्म्यांना त्या शिकणाऱ्यांपासून त्यांनीच वाचवलं होतं. स्कूल बंद करताना विद्यार्थ्यांनी निरोप समारंभ केला. हारतुरे झाले, भाषणं झाली, मास्तरांचा ऊर भरून आला आणि भरल्या उरात माणूस जे करू नये ते त्यांनी केलं. "इतकी वर्षं तुम्हाला चालवायला शिकवलं," ते माइकवर म्हणाले, "आता मी स्वतः गाडी चालवत देश पार करणार आहे!" टाळ्या थांबेनात. पुढच्याच आठवड्यात जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या एका विद्यार्थ्याने दारात कॅराव्हॅन आणून उभी केली. आत दोन पलंग, शेगडी, मोरी, पाण्याची टाकी, सगळं होतं. घरात तिचं नाव घरगाडी पडलं.

आता एक गोष्ट मास्तरांच्या मते या जगात फक्त त्यांनाच ठाऊक होती. ती म्हणजे त्यांना डोंगरात गाडी चालवण्याची भीती वाटायची. साधीसुधी नव्हे, पाचावर धारण बसायची. शेजारच्या सीटवर बसून त्यांनी शेकडो जणांना वळणं शिकवली होती, आणि तेव्हा त्यांच्या कपाळावर आठीसुद्धा उमटली नव्हती. पण चाक स्वतःच्या हातात आलं आणि बाजूला दरी दिसली, की त्यांना गिअर कुठला आणि ब्रेक कुठला हे सुचेनासं व्हायचं. निम्म्या गावाच्या गुरूला हे चारचौघांत कसं सांगता येणार? म्हणून ते खालच्या रस्त्याचे गुण गात होते, आणि बाई त्यांचा एकेक मुद्दा खोडून काढत होत्या.

"वर पेट्रोल मिळायचं नाही," मास्तर म्हणत.

"तीन ठिकाणी मिळतं."

"हवा विरळ असते. तुला दम लागेल."

"मी शेगडीपाशी बसून राहीन. दम काय लागायचाय?"

शेवटी मास्तरांनी महामार्ग खात्याला फोन लावला. बाई तेव्हा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या.

"वरच्या रस्त्यावर काही अडचण वगैरे?" त्यांनी मोठ्या आशेने विचारलं.

"छे हो, एकदम झकास रस्ता," पलीकडचा माणूस म्हणाला.

"दरड कोसळलीय का कुठे?"

"नाही."

"बर्फ?"

"या दिवसांत कुठला बर्फ?"

"म्हणजे काहीच नाही?" मास्तरांचा आवाज पडला.

"तसं काही नाही. हां, खिंडीच्या अलीकडचा पूल जुना आहे. चार टनांवरच्या गाडीला तिथे सोडत नाहीत."

मास्तरांनी फोनचा मुका घ्यायचा तेवढा बाकी ठेवला. बाई आत आल्या तेव्हा ते अगदी न्यायाधीशासारखे बसले होते. "हे बघ," ते म्हणाले, "भांडण नको. गाडी पूर्ण भरू, प्रवासाला निघाल्यासारखी. वजनकाट्यावर नेऊ. चार टनांच्या आत भरली तर वरून, जास्त भरली तर खालून. मंजूर?"

बाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. "मंजूर," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून घरगाडी भरायला सुरुवात झाली, आणि इथे छोटूचा प्रवेश होतो. छोटू हा बाईंचा धाकटा भाऊ. नाव लहानपणी पडलं ते चिकटलं, अंगाने मात्र त्याने नावाचा मुळीच मान राखला नाही. आता तो विमा कंपनीतून निवृत्त झाला होता, एकटा होता, शेजारच्या गल्लीत राहत होता आणि दोन्ही वेळा जेवायला बहिणीकडे होता. दारातून आत येताना तो सवयीनेच आडवा व्हायचा.

बाई दुपारी पडल्या, की मास्तर छोटूला खुणेने बोलवायचे. "न्हाणीघराच्या उरलेल्या फरश्या आहेत ना, त्या पलंगाखाली ठेव. आवाज करू नकोस."

"फरश्या कशाला, भाऊजी?"

"प्रवासात लागतात."

फरश्यांनंतर छोटूने हौसेने आणलेले आणि कधीच न उचललेले लोखंडी डंबेल्स गेले. मग मासिकांचे जुने गठ्ठे. शेवटी मास्तरांनी स्कूलमधला कापून उघडा केलेला गिअरबॉक्स काढला. त्यावर त्यांनी पिढ्यान् पिढ्यांना गिअर समजावून दिले होते. तो उचलताना छोटूच्या कमरेतून चमक निघाली. मास्तरांनी त्याला शपथ घातली, ताईला अक्षर सांगायचं नाही.

मास्तर अंघोळीला गेले, की बाई छोटूला हाक मारायच्या. घरगाडीची पाण्याची टाकी त्यांनी बागेला पाणी घालून रिकामी केली. बिडाचा तवा गेला, हलका आला. लोखंडी खुर्च्या माळ्यावर गेल्या. तेवढ्याने बाईंचं समाधान होईना.

"मागे ते झाकण घातलेलं काय आहे रे वजनदार?"

"स्टेपनी आहे ती ताई. जादा चाक."

"बाकीची चार आहेत ना? मग हे काढ. आणि ते गाडी उचलायचं लोखंडी काय आहे ते पण काढ."

"अगं, पण झाकण रिकामं दिसेल."

बाईंनी कपडे भिजवायचा गोल प्लास्टिकचा टब आणला. चाकाच्या जागी तो असा चपखल बसला, की वर झाकण घातल्यावर कारखानदारालाही पत्ता लागला नसता. मग त्यांनीही छोटूला शपथ घातली, भाऊजींना अक्षर सांगायचं नाही. छोटूने ती प्रामाणिकपणे घेतली. दोन्हीकडच्या शपथा आणि दोन्हीकडचा चहा पोटात ठेवून तो मूग गिळून बसला.

काट्यावर जायच्या दिवशी सकाळी मास्तर म्हणाले, "छोटू, तूही चल."

"तो कशाला?" बाई म्हणाल्या. "तो काय आपल्याबरोबर येणार आहे थोडाच?"

"येणारही असेल," मास्तर घाईघाईने म्हणाले. "विचारलंय कुठे आपण त्याला?"

छोटू दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिला आणि आडवा होऊन गाडीत चढला. गाडी एका अंगाला झुकली, मास्तरांचा चेहरा खुलला.

वजनकाटा गावाबाहेर, लाकडाच्या वखारीजवळ होता. रस्ता सपाट होता, तरी मास्तरांनी चाक दोन्ही हातांनी असं धरलं होतं, जसं काही कोणी ते हिसकावून नेईल. त्यांच्या मागे गाड्यांची रांग लागली. रांगेतल्या बऱ्याच जणांनी त्यांच्याकडेच लायसन्स काढलं होतं, त्यामुळे हॉर्न वाजवायची कोणाची छाती होईना. काट्यावरचा माणूसही त्यांचाच विद्यार्थी निघाला.

"सर, तुम्ही! स्वतः चालवताय?"

"मग कोण चालवणार? वजन सांग," मास्तर म्हणाले.

काट्याचा आकडा वर गेला, डगमगला, खाली आला, परत वर गेला. बाईंनी डोळे मिटून घेतले होते. मास्तर खिडकीतून मान बाहेर काढून बघत होते.

"चार टन, सर. आणि वर वीस किलो."

"जास्त!" मास्तर ओरडले. "खालून!"

"थांबा," बाई म्हणाल्या. "छोटू, खाली उतर."

छोटू उतरला. आकडा चार टनांच्या चांगलाच खाली घसरला.

"कमी," बाई म्हणाल्या. "वरून."

"पण तो येणार आहे ना!"

"येणार आहे म्हणून कोणी सांगितलं?"

काट्यामागे आता दोन ट्रक येऊन उभे होते. काटेवाल्याने नम्रपणे विचारलं, "सर, मामा धरायचे का नाही धरायचे, तेवढं सांगा. मला पावती करायचीय."

मास्तरांची भलतीच पंचाईत झाली. छोटूला नेलं तर डोंगर टळत होता, पण देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत छोटू पलंगावर घोरणार होता. लेकीच्या घरी तो जेवेल, मुक्काम करेल आणि कदाचित परतही येईल. मास्तरांनी एका बाजूला दरी ठेवली आणि दुसऱ्या बाजूला मेहुणा. बराच विचार केला आणि घाम पुसत म्हणाले, "धर. येणार आहे तो."

छोटू काट्याच्या कडेला उभा होता. त्याचा चेहरा एकदम रडवेला झाला. "भाऊजी," तो म्हणाला, "मला आजवर कोणी कुठे नेलं नाही हो." आणि त्याने सगळ्यांदेखत मास्तरांना मिठी मारली. त्या मिठीत मास्तरांना आपण फार चांगलं काम केल्यासारखं वाटलं आणि थोडी लाजही वाटली. बाई मात्र गाडीत जाऊन बसल्या. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. परतीच्या वाटेवर जिंकलेल्या मास्तरांना काही केल्या आनंद होईना.

गावाच्या अलीकडे छोटासा चढ लागतो. तिथे मागून फट्ट आवाज झाला, गाडी लंगडायला लागली आणि कडेला जाऊन थांबली. मागचं एक चाक बसलं होतं.

"काळजी करू नका," मास्तर बाह्या सारत म्हणाले. एवढं काम तरी त्यांच्या हातचं होतं. "स्टेपनी आहे. छोटू, झाकण काढ."

छोटू जागचा हलला नाही. "भाऊजी, नको."

"नको काय नको? बाजूला हो." मास्तरांनी स्वतःच झाकण ओढलं. आतून गुलाबी टब निघाला आणि उतारावरून गडगडत गेला. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. तो दिसेनासा झाल्यावर त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"टब," बाई म्हणाल्या.

"चाक कुठे गेलं?"

"माळ्यावर."

"आणि जॅक?"

"तोही माळ्यावरच."

"स्टेपनी काढून ठेवलीस? वजन कमी दिसावं म्हणून? एवढी फसवणूक!" मास्तरांना खरोखरच धक्का बसला होता. "दुसरा जॅक पलंगाखाली आहे का बघ," असं स्वतःलाच सांगत त्यांनी तावातावाने पलंगाची फळी उचलली, आणि ती उचलल्यावर त्यांना आठवलं, की ती उचलायला नको होती. बाई त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

"फरश्या," त्या म्हणाल्या. "गिअरबॉक्स. छोटूचे डंबेल्स. आणि ही माझी मासिकं. टायर का फुटणार नाही?"

"प्रवासात वाचायला," मास्तर पुटपुटले.

"आणि फरश्या? त्या पण वाचायच्या?"

छोटू रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसला आणि म्हणाला, "मी दोघांनाही नको म्हणालो होतो. माझी कंबर गेली. वर ठेवायचं ते मीच आणि खाली काढायचं ते पण मीच. आणि दोघांच्या शपथा!"

इतक्यात एक लाल गाडी जवळ येऊन थांबली. तिच्या टपावर पाटी होती, 'झटपट ड्रायव्हिंग स्कूल'. हे स्कूल काढणारा तरतरीत गृहस्थ म्हणजे मास्तरांचा आयुष्यभराचा प्रतिस्पर्धी. तो गाडी शिकवण्याऐवजी गाडीशी ओळख करून देतो आणि माणसाला रस्त्यावर सोडतो, असं मास्तर म्हणायचे. गावात त्याला सगळे झटपटवाला म्हणत.

"नमस्कार सर!" तो उतरत म्हणाला. "काय बाई, पहिल्याच फेरीत पंक्चर? तरी मी सांगितलं होतं, मोठी गाडी रस्त्यावर काढण्याआधी हवा बघायची."

मास्तरांनी हळूहळू मान वळवली. "तू हिला सांगितलं होतंस? कशाला?"

"म्हणजे? बाईंनी तुम्हाला..." झटपटवाल्याच्या लक्षात आलं, की आपण भलतीकडेच गाडी घातली. "मी चाक घेऊन येतो," असं म्हणून तो खरोखर झटपट निघून गेला.

मास्तर बायकोकडे वळले.

"तू गाडी शिकलीस," मास्तर म्हणाले.

"हो. मोठ्या गाडीचंसुद्धा लायसन्स आहे माझ्याकडे."

"आणि याच्याकडे?"

"तुमच्याकडे आले होते की आधी. लग्न झालं त्या वर्षी. आठवतंय? एकाच धड्यात आपण इतके भांडलो, की गाडी तिथेच सोडून घरी चालत आलो. तुम्ही रस्त्याच्या या बाजूने आणि मी त्या बाजूने."

मास्तरांना आठवत होतं. "पण का शिकलीस?"

"कारण तुम्ही काही डोंगरात गाडी घालणार नाही, हे मला माहीत होतं."

मास्तर गाडीच्या पायरीवर बसले. त्यांना एकदम फार थकल्यासारखं वाटलं. "कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यांदा आपण टेकड्यांवर फिरायला निघालो ना, आणि पहिल्याच वळणावर तुम्ही गाडी परत फिरवलीत. म्हणालात, इंजिन तापलंय. मी बॉनेटला हात लावून पाहिला होता. गार होतं."

"इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

मास्तर आपल्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला भीती वाटते गं. चाक हातात असलं आणि बाजूला दरी दिसली, की मला काही म्हणजे काही सुचत नाही." हे वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं होतं. आभाळ कोसळलं नाही. एक ट्रक तेवढा गेला आणि त्यातल्या विद्यार्थ्याने सरांना हात केला.

"मग सरळ का नाही म्हणालीस, मी चालवते म्हणून?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"माइकवरून गावाला सांगून बसलात ना, स्वतः चालवणार म्हणून. तुमचं हसं झालं असतं. मला वाटलं, एकदा वरचा रस्ता ठरू दे, गाव मागे पडू दे, मग सांगू." बाईंनी पदराने त्यांच्या हातावरची धूळ पुसली. "आता राहू दे. खालून जाऊ. तळं काय, फळ्यावर पुष्कळ पाहिलंय."

हे बोलताना त्यांनी चेहरा सरळ ठेवला होता. भांडून मागितलं असतं तर मास्तरांनी अजून चार मुद्दे काढले असते. असं सोडून दिल्यावर काय करायचं, हे त्यांना कळेना.

"मलाही एक सांगायचंय," दगडावरून छोटूचा आवाज आला. "सगळे सांगतायत म्हणून सांगतो. मला गाडी लागते. वजनाच्या वेळी मिठी मारली तेव्हाच पोटात ढवळत होतं. मला नेताय म्हणालात, त्यातच सगळं आलं. मी रेल्वेने जातो आणि तुमच्या आधी पोचतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी पलंगाखालच्या फरश्या, डंबेल्स, गिअरबॉक्स सगळं स्वतः उतरवलं, चाक आणि जॅक माळ्यावरून आणून जागच्या जागी बसवले, टाकी पाण्याने भरली आणि गाडी परत काट्यावर नेली. घरी येऊन त्यांनी टेबलावरचा नकाशा घडी घालून ठेवला.

"चार टनांच्या आत आहे," ते म्हणाले. "वरून जाऊ. चालव तू. येताना पाहिजे तर खालून येऊ. पण चालवायचं माझ्या पद्धतीने. त्या झटपटवाल्याने तुला क्लचवर पाय ठेवून बसायची सवय लावली असणार."

"लावलीय," बाई म्हणाल्या.

"वाटलंच मला!" मास्तर म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी त्यांना कडकडून भूक लागली.

गाव सुटेपर्यंत चाक मास्तरांच्याच हातात होतं, कारण विद्यार्थी रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून हात हलवत होते. शेवटचं घर मागे पडल्यावर दोघांनी जागा बदलल्या. जुना पूल बिनबोभाट पार झाला. चढ सुरू झाला. पहिलं वळण बाईंनी झोकात घेतलं, दुसरंही घेतलं. तिसऱ्या वळणावर कठडा संपला आणि खाली एकदम दरी उघडली. बाईंनी गाडी थांबवली.

"अहो, मला नाही जमायचं," त्या म्हणाल्या. "तुम्ही घ्या."

मास्तरांनी दरीकडे पाहिलं. मागे गाड्या येऊन थांबत होत्या. त्यांनी बायकोच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे पाहिलं, आणि शेजारच्या सीटवर बसून शेकडो वेळा काढलेला आवाज त्यांच्या तोंडून आपोआप निघाला.

"दरीकडे नाही बघायचं. रस्ता जिथे वळतो तिथे बघ. पहिला गिअर. घाई नाही. मागचे थांबतील, त्यांना मीच शिकवलंय असं समज."

बाईंना अशा अवस्थेतही हसू आलं. गाडी हलली.

"आता हळूच सोड क्लच. सोड म्हणजे सोड, पाय बाजूला घे. शाब्बास. आणखी थोडं चाक. बस, एवढंच."

वळणामागून वळण जात होतं आणि मास्तर बोलत होते. एकदाही त्यांचा आवाज चढला नाही. लग्नाच्या वर्षी हे असं बोललो असतो तर दोघं रस्त्याच्या एकाच बाजूने घरी आलो असतो, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते त्यांनी बाईंना बोलून दाखवलं. बाई म्हणाल्या, "आत्ता नको, वळण आहे."

खिंडीच्या माथ्यावर गाड्या लावायला मोकळी जागा होती. बाईंनी गाडी रेषेत उभी केली, इंजिन बंद केलं आणि जवळजवळ पळतच त्या कठड्यापाशी गेल्या. खाली धुकं होतं. तळं नाही, डोंगर नाही, काही नाही, कापसाचा ढीग ओतल्यासारखं पांढरंफेक धुकं. बाई कठडा धरून उभ्या राहिल्या.

मास्तर त्यांच्याशेजारी जाऊन उभे राहिले. "थांबू या थोडं," ते म्हणाले. त्यांनी आत जाऊन चहा केला. चहाचे कप घेऊन दोघं कठड्याशी उभे राहिले. चहा संपत आला, धुकं तसूभर हललं नाही. बाई एकदा वाकून खाली बघत होत्या, एकदा कपात. डोळे पुसले ते त्यांनी वाऱ्यावर ढकललं, आणि मास्तरांना स्वतःच्या सगळ्या फरश्या आठवून भडभडून आलं.

"परत येताना दिसेल," ते म्हणाले.

"परत येताना आपण खालून येणार होतो ना? तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो असेन. वरून येऊ. धुकं असलं तर मुक्काम करू. नुसतं घर घेऊन फिरतोय ते कशाला?" ते जरा थांबले. "आणि येताना निम्मा चढ मी चालवेन म्हणतो. तू शेजारी बस. फक्त बोलत राहा."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. खिंडीतल्या गारठ्यात मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता, पण ते मागे हटायला तयार दिसत नव्हते. बाईंनी आपल्या कपातला उरलेला चहा त्यांच्या कपात ओतला.

"आधी हा प्या," त्या म्हणाल्या, "आणि मग मला उताराचं सांगा."

"उताराचं काय?"

"उतार त्या झटपटवाल्याने शिकवलाच नाही. म्हणाला, चढ आला की उतार आपोआप येतो."

मास्तरांनी कप कठड्यावर ठेवला. दरीत उतरत गेलेल्या रस्त्याकडे त्यांनी एकवार पाहिलं, मग बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. मग ते घरगाडीत जाऊन शेजारच्या सीटवर बसले आणि पट्टा घट्ट ओढत म्हणाले, "ये. पहिल्या धड्यापासून सुरू करू."